स्त्रीचं स्थान: ख्रिस्ती धर्मात आणि इस्लाममध्ये. तुलना करायची तर कशाची कशाशी?

वाचनवेडी

आमच्या वाचनगटात एक ख्रिस्ती मैत्रीण आहे आणि एक मुस्लिम. दोघींचं एकमेकींवाचून पान हलत नाही. मागच्या बैठकीत विषय निघाला की बाईला जास्त मान कुठल्या धर्मात, आणि दोघी तासभर भांडल्या. पहिली म्हणाली, येशूने व्यभिचाराचा आरोप असलेल्या बाईला दगडांपासून वाचवलं, आणि तुमच्यात काही देशांच्या कायद्यात आजही ती शिक्षा आहे. दुसरी म्हणाली, कुरआनने सातव्या शतकात बाईला वारसा दिला, तुमच्या इंग्लंडात लग्न झालेल्या बाईला स्वतःची कमाई स्वतःची म्हणायला १८७० साल उजाडावं लागलं.

दोन्ही खरं आहे. पण ऐकता ऐकता माझ्या लक्षात आलं, की प्रत्येकीने आपला धर्म ग्रंथातून मांडला आणि दुसरीचा इतिहासातून किंवा बातम्यांतून. अशी तुलना केली तर ज्याची त्याची बाजू कायमच जिंकणार.

म्हणून गेले काही महिने दोन्हीकडचं मूळ वाचत बसले आहे. चारही शुभवर्तमानं, पौलाची पत्रं, आणि कुरआनमधल्या निसा, नूर, अहजाब या सूरा (अध्याय), मराठी अनुवादात. मला जे दिसलं ते असं: येशूच्या गोष्टींत बाई जागोजागी आहे. विहिरीवरची शोमरोनी बाई, मार्था आणि मरीया, रिकाम्या कबरीपाशी सर्वांत आधी पोचलेली मग्दालीया मरीया. पण बाईच्या वाट्याला काय येईल याचा नियम जवळजवळ नाहीच. कुरआनमध्ये नियम आहेत, वारशाचा हिस्सा किती आणि घटस्फोटानंतरची मुदत किती इथपर्यंत. एकाने बाईला गोष्टींमध्ये जागा दिली, दुसऱ्याने कायद्यामध्ये. यातलं बाईच्या जास्त उपयोगी काय पडलं?

ज्यांनी हे जवळून पाहिलंय त्यांनी कृपया लिहा. ग्रंथातलं ग्रंथाशी, व्यवहारातलं व्यवहाराशी ताडून लिहिलंत तर फार बरं.

---

सागरगोटा

उत्तम धागा. वाचत राहणार.

---

मुद्देसूद

पैशापासून सुरुवात करतो, कारण मान वगैरे मोजता येत नाही, मालमत्ता मोजता येते.

सूरा निसाची सातवी आयत (वचन) सांगते की आईवडिलांनी मागे ठेवलेल्यात पुरुषांचा वाटा आहे आणि स्त्रियांचाही आहे, थोडं असो वा पुष्कळ. चौथी आयत सांगते की मेहर बायकोला द्या. तिला, तिच्या बापाला नाही. लग्नानंतर तिची मालमत्ता नवऱ्याची होत नाही. आता इंग्लंड बघा. तिथल्या जुन्या कायद्याप्रमाणे लग्न झालं की बाईचं कायदेशीर अस्तित्वच नवऱ्यात विरघळायचं. तिची मजुरीसुद्धा त्याची. १८७० च्या कायद्याने कमाई तिची झाली, आणि पूर्ण मालमत्तेचा हक्क १८८२ मध्ये आला. नवरा-बायको एकदेह होतात, या बायबलच्या वाक्याचा वकिलांनी लावलेला तो अर्थ होता.

आणखी एक उदाहरण. त्रावणकोर संस्थानाच्या १९१६ च्या ख्रिस्ती वारसा कायद्यात मुलीला मुलाच्या हिश्श्याचा चौथा भाग किंवा पाच हजार रुपये, यातलं जे कमी असेल ते मिळायचं. सर्वोच्च न्यायालयाने मेरी रॉय खटल्यात तो कायदा बाजूला सारला तो १९८६ साली. म्हणजे तेरा शतकांपूर्वीच्या अर्ध्या हिश्श्यापेक्षाही विसाव्या शतकातली ख्रिस्ती मुलगी मागे होती.

पण थांबा, दुसरी बाजूही आहे. निसाची अकरावी आयत मुलाला दोन मुलींइतका हिस्सा देते. तो अर्धा हिस्सा सातव्या शतकात मोठी झेप होता आणि आजही तो अर्धाच आहे. ट्युनिशियाने १९५६ मध्ये बहुपत्नीत्व बंद केलं, पण समान वारशाचा मसुदा २०१८ मध्ये आला तेव्हा तो संसदेतून पुढे गेला नाही. कारण आकडा ग्रंथात लिहिलेला आहे. बायबलच्या नव्या करारात आकडाच नव्हता, त्यामुळे १८८२ मध्ये संसदेला कुठलंही वचन खोडावं लागलं नाही.

---

काळा_दगड

दोन्ही ग्रंथ पुरुषांनी लिहिले, पुरुषांनी वाचले, पुरुषांनी समजावले. तुलना तिथेच संपते.

---

वाचनवेडी

काळा_दगड, संपत नाही हो. ज्या बाईला घर सोडायचंय तिला कोणत्या नियमाखाली सोडता येतं आणि कोणत्या नाही, हा तिच्यासाठी जगण्याचा प्रश्न असतो. नियम कोणी लिहिला ते तुम्ही बरोबर सांगितलंत, पण त्यातून तिला काय मिळतं तेही बघायला हवं.

---

निशिगंध

मी मुस्लिम घरातली. मालमत्तेचं मुद्देसूद यांनी लिहिलंच आहे, मी घटस्फोटाबद्दल लिहिते.

माझ्या खालाने, म्हणजे मावशीने, खुला मागितला होता, म्हणजे बायकोने स्वतःहून मागितलेला घटस्फोट. नवरा मारत नव्हता, दारू पीत नव्हता, तिला फक्त त्याच्याबरोबर राहायचं नव्हतं. बुखारीच्या संग्रहात एक हदीस, म्हणजे पैगंबरांच्या वागण्या-बोलण्याची परंपरेने आलेली नोंद, आहे. साबित इब्न कैस यांची बायको पैगंबरांकडे आली आणि म्हणाली, त्याच्या वागण्यात किंवा दीनमध्ये मला खोट काढायची नाही, पण मला हे जमत नाही. पैगंबरांनी विचारलं, त्याने मेहरमध्ये दिलेली बाग परत करशील? ती हो म्हणाली, आणि साबितला तिला सोडायला सांगण्यात आलं. दोन ओळींची घटना आहे. माझ्या खालाला ती पाठ होती.

तिला तीन वर्षं लागली. कारण पुढच्या बहुतेक फिकहकारांनी (इस्लामी कायद्याच्या पंडितांनी) ठरवलं की खुलाला नवऱ्याची संमती हवी. खालाचा नवरा संमतीच्या बदल्यात मेहरपेक्षा जास्त मागत राहिला. ती ज्या ज्या मौलानांकडे गेली त्यांनी सबुरीचा सल्ला दिला. त्याला मात्र तीनदा एक शब्द उच्चारला तरी चाललं असतं. (भारतात एका दमातला तिहेरी तलाक न्यायालयाने २०१७ मध्ये रद्दबातल ठरवला. इजिप्तने १९२९ मध्येच एका बैठकीतले तीन तलाक एकच धरायचे ठरवलं होतं, आणि २००० च्या कायद्याने नवऱ्याच्या संमतीशिवाय खुला दिला.)

म्हणून मला कोणी विचारलं की इस्लामने बाईला घटस्फोटाचा हक्क दिला का, तर मी म्हणते दिला. आणि तो देऊन झाल्यावर कोणी काढून घेतला तेही सांगते.

---

पहाटपक्षी

निशिगंध, तुमच्या खालाचं वाचून माझी धाकटी मावशी आठवली. आम्ही कॅथलिक. मावशीचा नवरा लग्नानंतर दोन वर्षांत दुसऱ्या बाईबरोबर निघून गेला. ती सत्तावीस वर्षांची होती. चर्चच्या नजरेत ती मरेपर्यंत विवाहितच राहिली. वेगळं राहायला चर्चची हरकत नाही, दुसरं लग्न मात्र नाही. 'हे लग्न मुळात झालंच नव्हतं' असं ठरवून घेण्याची एक वाट असते. तिने अर्ज केला नाही. म्हणायची, झालं होतं लग्न, मी खोटं कशाला बोलू?

यातली वेदना अशी की येशूने घटस्फोट नाकारला तो बाईच्या विरोधात नव्हता. मार्कच्या दहाव्या अध्यायात परुशी (त्या काळच्या एका कर्मठ यहुदी पंथाचे लोक) येऊन विचारतात, पुरुषाने बायकोला सोडणं योग्य आहे का? त्या काळी पुरुष सूटपत्र लिहून बायकोला घराबाहेर काढू शकत होता. काही गुरूंच्या मते तर अगदी क्षुल्लक कारणासाठीही. येशू म्हणाला, देवाने जे जोडलं ते माणसाने तोडू नये. त्या बायकांसाठी ते छप्पर होतं. माझ्या मावशीसाठी त्याच वाक्याचं कुलूप झालं.

आयर्लंडच्या १९३७ च्या राज्यघटनेत घटस्फोटाला बंदी होती, ती १९९५ च्या सार्वमतात अगदी काठावरच्या बहुमताने गेली. माल्टात २०११ मध्ये गेली.

---

मुद्देसूद

पहाटपक्षी, त्यात फिलिपीन्स जोडा. तिथे सर्वसाधारण नागरिकांसाठी आजही घटस्फोटाचा कायदा नाही, पण १९७७ च्या मुस्लिम वैयक्तिक कायद्याप्रमाणे मुस्लिमांना घटस्फोट घेता येतो. एकाच देशात मुस्लिम बाई सुटू शकते, ख्रिस्ती बाई नाही.

भारतात १८६९ च्या कायद्याप्रमाणे ख्रिस्ती नवऱ्याला बायकोचा व्यभिचार सिद्ध केला की पुरे होतं. बायकोला मात्र व्यभिचार आणि शिवाय क्रौर्य किंवा परित्याग असं काहीतरी दाखवावं लागायचं. हा भेद इंग्लंडच्या १८५७ च्या कायद्यातून आलेला. इंग्लंडने तो १९२३ मध्ये काढला, आपण २००१ मध्ये.

---

सागरगोटा

बारा प्रतिसाद व्हायच्या आत इतकी माहिती आणि अजून एकही भांडण नाही. आपल्या इथे हा विक्रम असावा. :)

---

खडूफळा

कोणी हव्वेबद्दल लिहिलं नाही म्हणून लिहितो. बाईकडे कसं बघायचं हे दोन्हीकडे बागेतल्या त्या झाडापासून सुरू होतं.

उत्पत्तीत साप हव्वेला भुलवतो, ती फळ खाते, मग आदामाला देते. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात यावरून थेट निष्कर्ष आहे: आदाम भुलवला गेला नाही, स्त्री भुलली, म्हणून स्त्रीने शिकवू नये, मुकाट राहावं. दुसऱ्या-तिसऱ्या शतकातला ख्रिस्ती लेखक तर्तुलियन तर बायकांना सैतानाचं प्रवेशद्वार म्हणाला. मूळ पापाची सगळी इमारत पुढे उभी राहिली आणि तिच्या पायाशी एक बाई.

कुरआनमध्ये सैतान दोघांना भुलवतो, दोघं खातात, दोघं मिळून क्षमा मागतात, आणि क्षमा मिळते. सूरा ताहामध्ये तर कुजबुज आदामच्या कानात होते. हव्वेचं नावही कुरआनमध्ये नाही, दोषही नाही. मला हा फरक फार मोठा वाटतो. 'पाप तुझ्यामुळे आलं' असं ऐकत वाढणं आणि तसं न ऐकता वाढणं यात जमीनअस्मानाचा फरक पडतो.

मात्र बाई वाकड्या फासळीपासून घडली असं सांगणारी हदीस आणि बायकांची अक्कल कमी असल्याची हदीस यांनी ती जागा बरीचशी भरून काढली. प्रवचनांत आयतीपेक्षा हदीस जास्त ऐकू येते, हे माझं निरीक्षण.

दगडांच्या शिक्षेबद्दलही एक. ती तोरातमध्ये आहे, म्हणजे बायबलच्या जुन्या करारात. कुरआनमध्ये व्यभिचाराला शंभर फटके सांगितले आहेत, स्त्री-पुरुष दोघांना, आणि चार साक्षीदारांशिवाय आरोप करणाऱ्यालाच ऐंशी. दगड हदीसमधून फिकहमध्ये आले.

---

एक_शंका

सगळं ठीक. पण निसाची चौतिसावी आयत कोणी काढत नाहीये. आणि डोक्यावरच्या कापडाबद्दलही कोणी बोलत नाही. निशिगंध, तुम्हाला दुखवायचं नाही, पण खरंच जाणून घ्यायचंय.

---

निशिगंध

दुखावले नाही. विचारलंत ते बरं केलंत.

त्या आयतीत पुरुष स्त्रियांचे 'कव्वाम' (सांभाळणारे किंवा अधिकार असलेले) आहेत, कारण ते खर्च करतात, आणि बायको उद्दामपणा करेल अशी भीती असेल तर आधी समजवा, मग अंथरूण वेगळं करा, मग जो शब्द येतो त्याचा अर्थ परंपरेने 'मारा' असा घेतला आहे. पैगंबरांनी कधी कुठल्या बाईवर हात उचलला नाही असं त्यांच्या पत्नी हजरत आयशा सांगतात. दिवसा बायकोला मारून रात्री तिच्याजवळ कसे जाता, असं ते विचारत, अशी हदीसही आहे. लालेह बख्तियार यांनी २००७ च्या इंग्रजी अनुवादात त्या शब्दाचा अर्थ 'त्यांच्यापासून दूर व्हा' असा लावला. तो अर्थ मला मनापासून हवा आहे. पण मी अरबी शिकले आहे, आणि बहुतेक जुने भाष्यकार तसा अर्थ लावत नाहीत हेही मला माहीत आहे. त्या आयतीपाशी आले की मी दर वेळी थांबते. यापेक्षा प्रामाणिक उत्तर माझ्याजवळ नाही.

त्याच ग्रंथात सूरा अहजाबची पस्तिसावी आयतही आहे: श्रद्धावान पुरुष आणि श्रद्धावान स्त्रिया, खरं बोलणारे पुरुष आणि खरं बोलणाऱ्या स्त्रिया, अशा दहा जोड्या, आणि शेवटी दोघांना सारखंच बक्षीस. पैगंबरांच्या पत्नी उम्म सलमांनी त्यांना विचारलं होतं की कुरआनमध्ये पुरुषांचाच उल्लेख का, त्यानंतर ती उतरली असं सांगतात. मला इस्लाममध्ये थांबवून ठेवते ती ही आयत.

---

पहाटपक्षी

डोक्यावरच्या कापडाचं उत्तर मी देते. ते आमच्याकडूनही मिळेल. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात पौल म्हणतो, जी बाई मस्तक न झाकता प्रार्थना करते ती आपल्या मस्तकाचा अपमान करते, आणि झाकायचं नसेल तर केसही कापून टाकावेत. कॅथलिक चर्चच्या १९१७ च्या नियमावलीत चर्चमध्ये बायकांनी डोकं झाकावं असा नियम होता. १९८३ च्या नियमावलीत तो राहिला नाही. माझ्या आजीची काळी जाळीदार ओढणी अजून कपाटात आहे.

आणि मारण्याचं म्हणाल तर आमच्याकडे तशी आयत नाही हे खरं. पण इफिसकरांस पत्रात 'बायकांनो, पतीच्या अधीन असा' आहे, आणि मार खाऊन आलेल्या बाईला तेच वाक्य ऐकवून परत पाठवलेलं मी स्वतः पाहिलं आहे. त्याच्या आधीच्या ओळीत 'एकमेकांच्या अधीन असा' लिहिलंय. ती ओळ तिला कोणी वाचून दाखवली नाही.

---

जुनी_वही

पुढे उभं राहून प्रार्थना चालवण्याबद्दल, म्हणजे अधिकाराबद्दल, कोणी लिहिलेलं नाही.

ख्रिस्ती बाजूला सुरुवात उजळ होती. रोमकरांस पत्राच्या सोळाव्या अध्यायात पौल फिबीला मंडळीची सेविका म्हणतो (तोच ग्रीक शब्द पुरुषांसाठी आला की 'डीकन', म्हणजे चर्चमधलं एक पद, होतो), आणि युनियाला प्रेषितांमध्ये नामांकित म्हणतो. पुढे कित्येक विद्वानांना प्रेषितांत बाई असणं इतकं अशक्य वाटलं की त्यांनी तिचं नाव पुरुषाचं करून टाकलं. मग्दालीयेचं तर फारच वाईट झालं. पुनरुत्थानाची पहिली साक्षीदार ती. शिष्यांना तिचं आणि इतर बायकांचं बोलणं वायफळ वाटलं, असं लूकच लिहितो. ५९१ मध्ये पोप ग्रेगरींनी प्रवचनात तिची आणि दुसऱ्या एका पापी स्त्रीची सरमिसळ केली, आणि तिच्यावर वेश्येचा शिक्का बसला. शुभवर्तमानात तसं एक अक्षर नाही. २०१६ मध्ये चर्चने तिच्या स्मरणदिनाला प्रेषितांच्या सणांचा दर्जा दिला.

याजकपद कॅथलिकांत आजही बंद आहे, १९९४ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी तो विषय मिटल्याचं जाहीर केलं. अँग्लिकनांत फ्लॉरेन्स ली टिम-ओई यांना युद्धकाळात, १९४४ मध्ये दीक्षा मिळाली. चर्च ऑफ इंग्लंडमध्ये स्त्रिया १९९४ मध्ये याजक झाल्या, पहिली स्त्री बिशप २०१५ मध्ये.

इस्लाममध्ये याजकपदच नाही, त्यामुळे प्रश्न इमामतीचा. हजरत आयशांच्या नावावर दोन हजारांहून जास्त हदीस आहेत, आणि मोठमोठे सहाबी (पैगंबरांचे साथीदार) त्यांच्याकडे शंका घेऊन जात. हदीस शिकवणाऱ्या स्त्रियांची परंपरा कित्येक शतकं चालली, त्यांच्यासमोर पुरुष बसून शिकले. चीनमधल्या हुई मुस्लिमांत बायकांच्या स्वतंत्र मशिदी आहेत आणि तिथे स्त्रियाच इमाम असतात. पण स्त्री-पुरुषांच्या एकत्र नमाजचं नेतृत्व अमेरिकी मुस्लिम अभ्यासक अमीना वदूद यांनी २००५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये केलं तेव्हा जगभर वादळ उठलं.

एक गोष्ट मात्र ख्रिस्ती धर्मातच होती, ती म्हणजे मठ. लग्न न करता, बाळंतपणं न करता, लिहीत-वाचत, गात जगण्याची वाट. बाराव्या शतकात बिंगेनच्या हिल्डेगार्डने वैद्यकावर लिहिलं, संगीत रचलं, बिशपांना खडसावलं. इस्लामने संन्यासाला उत्तेजन दिलं नाही, त्यामुळे बसऱ्याच्या राबियासारखी स्त्री तिथे एकटी उठून दिसते.

---

सागरगोटा

अवांतर: मुस्लिमबहुल अझरबैजानमध्ये बायकांना मत १९१८-१९ पासून, ख्रिस्तीबहुल स्वित्झर्लंडमध्ये राष्ट्रीय पातळीवर १९७१ पासून!

---

काळा_दगड

हेच मी म्हणतोय. ते राज्याने दिलं, धर्माने नाही. आणि आजचं बोला ना. अफगाणिस्तानात २०२१ पासून मुलींच्या माध्यमिक शाळा बंद आहेत. सौदीत बायकांना गाडी चालवायला २०१८ उजाडलं. आज कुठल्या ख्रिस्ती देशात असं आहे?

---

निशिगंध

काळा_दगड, अफगाण मुलींबद्दल मला तुमच्याइतकंच, कदाचित जास्त वाटतं. ज्या धर्माचं नाव घेऊन ते दार बंद केलं त्याच धर्मात ज्ञान मिळवणं फर्ज (धार्मिक कर्तव्य) आहे. पण मोरोक्कोने २००४ मध्ये कुटुंब कायदा बदलला तोही शरियतच्याच भाषेत, आणि ट्युनिशियाने बहुपत्नीत्व बंद केलं तेव्हा आधार घेतला तो 'तुम्ही बायकांमध्ये समान न्याय करू शकणार नाही' या आयतीचाच. तोच ग्रंथ दोन्हीकडे आहे. तुम्ही फक्त पहिल्याकडे बोट दाखवता तेव्हा दुसऱ्या ठिकाणी लढलेल्या बायका पुसल्या जातात.

---

काळा_दगड

हे पटलं. माझं आधीचं वाक्य एकतर्फी होतं.

---

वाचनवेडी

सगळ्यांचे मनापासून आभार. मूळ प्रश्नाकडे येते.

माझं मत आता जरा बदललंय. मी लिहिलं होतं की एकीकडे गोष्टी, दुसरीकडे कायदा. मुद्देसूद यांच्यामुळे कळलं की लिहून दिलेला हिस्सा बाईला लवकर मिळाला पण तिथेच थांबला, आणि जिथे लिहिलंच नव्हतं तिथे तिला फार उशिरा मिळालं पण पूर्ण मिळालं. खाला आणि मावशी यांच्याबद्दल वाचून मात्र मला 'कुठला धर्म' हा प्रश्नच विचारवेना. एकीकडे दार होतं पण किल्ली नवऱ्याच्या खिशात, दुसरीकडे दारच नव्हतं.

वाचताना एक जोडी सापडली ती सांगते. कुरआनमध्ये अठ्ठावन्नाव्या सूरेचं नाव 'मुजादिला', वाद घालणारी. खौला नावाची बाई, नवऱ्याने जुन्या अरबी रिवाजाप्रमाणे 'तू मला आईसारखी' म्हणून तिला लटकत ठेवलेलं. ती पैगंबरांशी वाद घालते, आणि सूरा सुरू होते तीच मुळी 'अल्लाहने तिचं ऐकलं' अशी. तो रिवाज तिथे मोडतो. आणि शुभवर्तमानात ती परकी आई, मुलीसाठी येशूकडे आलेली. येशू म्हणतो, मुलांची भाकर कुत्र्यांना घालणं बरं नाही. ती म्हणते, पण मेजाखालची कुत्रीही मुलांच्या हातून पडलेला चुरा खातात. आणि तिचं काम होतं. पुढच्या बैठकीत हे दोन उतारे वाचायचे असं ठरवलंय. ख्रिस्ती मैत्रीण मुजादिला वाचणार, मुस्लिम मैत्रीण त्या आईची गोष्ट.

---

निशिगंध

वाचाच. खौला म्हाताऱ्या झाल्यावर खलीफा उमरना रस्त्यात थांबवून सुनावत होत्या आणि ते मान खाली घालून ऐकत उभे राहिले, अशी कथा आहे. बरोबरच्यांनी विचारलं, या म्हातारीसाठी एवढा वेळ? ते म्हणाले, हिचं सात आसमानांपलीकडे ऐकलं गेलं, उमरने ऐकू नये?

---

पहाटपक्षी

वाचनवेडी, एक सुचवते. ती गोष्ट मत्तयातही आहे आणि मार्कातही. मत्तयात येशू तिला म्हणतो, तुझी श्रद्धा मोठी. मार्कच्या सातव्या अध्यायात म्हणतो, तुझ्या या बोलण्यामुळे जा, मुलगी बरी झाली. तुमच्या बैठकीत मार्कातला उतारा घ्या.